प्रतिपक्षाची सही

आमच्या घरात वाद जिंकणारी मी एकटीच होते. बाकीचे नुसतेच बरोबर असायचे.

हे मला आता कळतंय. तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि युक्तिवादाच्या वर्गाला जात होते. वर्ग काही मी आवडीने निवडला नव्हता. नाव नोंदवायच्या दिवशी उशिरा पोचले, तोवर छायाचित्रणाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतला कारकून म्हणाला, "विचार करायला शिकवतात तिथे जागा आहे. तिथे नेहमीच असते."

वर्ग सकाळी आठला, रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत भरायचा. बाकांना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही म्हणजेबाई म्हणायचो, कारण कुणी काहीही बोललं की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "म्हणजे?" पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, "बाई, मला जरा जाऊन यायचंय." त्या म्हणाल्या, "म्हणजे?" त्याला सगळ्यांसमोर खुलासा करावा लागला. पुढे वर्षभर तो घरूनच जाऊन यायचा.

बाईंचं शिकवणं सरळ होतं. कुठल्याही भांडणात एक दावा असतो, त्याची कारणं असतात, आणि तिसरं एक असतं जे कुणी बोलत नाही पण धरून चालतं. त्याला त्या गृहीत म्हणायच्या. "गृहीत शोधा. घर तिथून गळतं," असं त्यांचं वाक्य होतं.

मला या विद्येची नशा चढली. घरी मी एक वही केली. तारीख, ठिकाण, विषय, निकाल असे चार रकाने आखले. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'विजय' आहे. दोन ठिकाणी 'समोरची व्यक्ती निघून गेली' असं आहे, तोही मी विजयच धरला होता.

सगळ्यात जास्त हाल आईचे झाले. आई औषधांच्या दुकानात काम करते आणि म्हणींवर चालते. ती म्हणाली, शितावरून भाताची परीक्षा. मी म्हटलं, हे घाईने काढलेलं अनुमान आहे, एक शीत म्हणजे पुरेसा नमुना नव्हे. ती म्हणाली, "मग एकेक शीत दाबून बघ आणि जेव दुपारी चारला." आईची दुसरी खोड म्हणजे ती घरात सगळं ओरडून बोलायची. टॉवेल कुठेय हेसुद्धा शेजारच्या इमारतीला कळायचं. एकदा मी तिला ऐकवलं, "आवाज चढवला म्हणून मुद्दा चढत नाही, आई." ती कांदा चिरत होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "खरंय बाई तुझं." मी वहीत विजय लिहिला.

बाबांशी वाद घालणं मात्र सोपं होतं, कारण ते वाद घालायचेच नाहीत.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्याकडे सोळा इमारती आहेत आणि स्वतः ते जिन्याने जातात. प्रत्येक लिफ्टच्या वर मशीनच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर दोर, ब्रेक, दार, आवाज असे रकाने. आवाज म्हणजे आतली धोक्याची घंटा आणि इंटरकॉम. कुणी अडकलंच तर त्याचं बाहेर आणि बाहेरच्याचं आत स्पष्ट ऐकू यायला हवं. महिन्यातून एकदा सगळं तपासायचं, एकेका रकान्यात खूण करायची आणि खाली सही. या सहीबद्दल बाबा फार कडक होते. स्वतः तपासलं नाही त्यावर सही करायची नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ते गुणांची बेरीज करून बघायचे. एकदा शाळेची बेरीज चुकली होती. माझे दोन गुण कमी झाले आणि बाबांना फार समाधान वाटलं.

गेली दोन वर्षं दर रविवारी मीही त्यांच्याबरोबर जायचे. सकाळी चार इमारती, महिन्याला सोळा. "रविवारी तू मोकळीच असतेस, चल," असं ते एकदा म्हणाले आणि मग तसंच चालू राहिलं. माझं काम सोपं. मी लिफ्टच्या आत उभं राहायचं, घंटा दाबायची. चौकीदार टेबलावरून इंटरकॉममध्ये एक ते दहा म्हणायचा. नीट ऐकू आलं तर दार उघडल्यावर मी अंगठा दाखवायचा. ओरडायचं नाही, असा बाबांचा नियम होता. लोक सुट्टीचे झोपलेले असतात, म्हणायचे. अंगठा दिसला की ते वर जाऊन खूण करायचे. मोटर मात्र ते स्वतः बघायचे, म्हणजे तळहात ठेवून डोळे मिटायचे. मला वाटायचं, जरा शोबाजीच आहे.

तर त्या वर्षी मला नकाशे तयार करण्याच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा. वसतिगृहाच्या अर्जावर पालकांची सही हवी होती आणि अठ्ठावीस तारखेच्या आत अर्ज पोचायला हवा होता. बाबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "नको."

एवढंच. पुढे काही नाही.

मी सोडणार होते थोडीच? जेवताना मुद्दे मांडले. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी उपमुद्द्यांसह नऊ. बाबा ताटात बघत जेवत राहिले. मधूनमधून "हं" म्हणाले. एकाही मुद्द्याला उत्तर आलं नाही. मौन म्हणजे संमती, असं आईची एक म्हण सांगते आणि ही एकच म्हण मला मान्य होती. वहीत तीन विजय चढले. अर्ज होता तिथेच होता.

त्याच आठवड्यात म्हणजेबाईंनी वर्षाचा मोठा गृहपाठ दिला. ज्याचं म्हणणं तुम्हाला अजिबात पटत नाही असा एक माणूस निवडा. त्याचं म्हणणं एका कागदावर मांडा, दावा आणि कारणं, असं की तो वाचून म्हणेल, हो, हेच मला म्हणायचं होतं. त्याखाली त्याची सही आणा. मग ते खोडून काढा. सहीला दहा गुण, खंडनाला दहा.

"सही कशाला, बाई?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे माणसाला सोडून त्याच्या सावलीला बडवता," बाई म्हणाल्या. "सही माणूस करतो."

मी बाबांना निवडलं हे सांगायला नको. एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत होता.

पहिला कागद मी पाच मिनिटांत लिहिला. मुलगी एकटी दूर राहिली तर लोक नावं ठेवतील, म्हणून तिने जाऊ नये. चहाच्या कपाखाली ठेवला. संध्याकाळी परत आला. खाली बाबांच्या टपोऱ्या अक्षरात होतं, "नाही. लोकांचं मी मनावर घेत नाही. लोक लिफ्टमध्ये थुंकतात."

दुसरा कागद : परकं शहर मुलींसाठी सुरक्षित नाही. उत्तर आलं, "नाही. तुझ्याशी एकदा वाद घातला की ते शहरच सांभाळून राहील."

तिसरा : नकाशे काढायला शिकून पुढे काही होत नाही. "नाही. मला नकाशे आवडतात. तू तिसरीत काढलेला आपल्या गल्लीचा नकाशा माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. त्यात तू पंपाची खोली चुकीच्या बाजूला दाखवली आहेस."

चौथ्यात मी आईला पुढे केलं. आईला एकटं वाटेल, वगैरे. त्यावर बाबांच्या आधी आईनेच लिहिलं, "मला यात ओढू नका. मला एक दिवस एकटं वाटलं तर मी पेढे वाटीन."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि मी ती वहीत नोंदवलीही होती : कागदावर बाबा बोलके आहेत. पूर्ण वाक्यं, विनोद, आठवणी. जेवताना 'हं' म्हणणारा हाच माणूस का, असा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही. निरीक्षण नोंदवलं की काम झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

अठ्ठावीस तारखेला चार दिवस उरले. माझा तोल गेला. पाचवा कागद मी रागाने लिहिला : बाबांकडे कारणच नाही. मी तीन दिवस जेवताना त्यांना एकोणीस मुद्दे समजावून सांगितले. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर नाही.

कागद परत आला. खाली दोनच शब्द होते. "कधी सांगितलंस?"

मी भडकले. हे साफ खोटं होतं आणि माझ्याकडे पुरावा होता. वही घेऊन मी आईसमोर उभी राहिले. बाबा तिथेच, दोन हातांवर खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. मी तारखा वाचून दाखवल्या. सोमवार, जेवताना, चार मुद्दे. मंगळवार, जेवताना, सहा. "आणि हे विचारतात, कधी सांगितलंस! ऐकूनसुद्धा न ऐकल्यासारखं करायचं हे!"

आईने हातातलं फडकं ठेवलं. मग ती हळू आवाजात बोलली. आईला हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"ह्यांना ऐकू येत नाही गं."

मी बाबांकडे पाहिलं. पेपर हलला नाही.

"दोन-अडीच वर्षं झाली. आधी एक कान गेला, आता दुसराही जातोय. मी मोठ्याने बोलते तेव्हा आणि तोंडाकडे बघतात तेव्हा कळतं थोडं. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. कामावर कळलं तर काम जाईल म्हणतात. तुला तर मुळीच नाही."

माझा विश्वास बसला नाही. तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका, हे तर शिकलेच होते. मी बाबांच्या मागे जाऊन, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, घराला आग लागली आहे."

बाबांनी पान उलटलं.

"बाबा, मी तुमच्याबद्दल वर्गात वाईट बोलले."

त्यांनी चष्मा पुसला आणि खालची बातमी वाचायला घेतली.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. वहीतले सगळे विजय आठवले. माझ्या प्रत्येक युक्तिवादाखाली एक गृहीत होतं, इतकं साधं की मी ते कधी उचलून पाहिलंच नाही : बाबांना ऐकू येतंय. मी तीन दिवस तावातावाने एका भिंतीवर विजय मिळवला होता आणि भिंत आपली कौतुकाने "हं" म्हणत होती.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. बाबांचा फोन खिशात थरथरला की ते म्हणायचे, "तू घे गं, माझे हात काळे आहेत." दोन वर्षं कंपनीचे फोन मीच घेत होते. कुठली लिफ्ट बंद पडली, कुठे दार अडलं, सगळं चिठ्ठीवर लिहून देत होते. जेवून हात धुतल्यावरही ते हात काळेच असायचे, आणि मी कधी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. तळहात ठेवून मोटर बघणं. ओरडू नकोस, अंगठा दाखव. रविवार.

सोळा कार्डांवर बाबांची सही होती आणि त्यातल्या एका रकान्यात खरं म्हणजे माझा अंगठा होता.

सहावा कागद लिहायला मला रात्र घालवावी लागली नाही. तिथेच बसून लिहिला.

'एक. जे मी स्वतः तपासलं नाही त्यावर सही करत नाही.
दोन. आवाजाचा रकाना मला स्वतःला तपासता येत नाही. तो माझी मुलगी तपासते.
म्हणून : मुलीने जाऊ नये.'

या वेळी कपाखाली ठेवला नाही. बाबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. मग उठून हात धुऊन आले, कोरडे केले आणि परत वाचला. आईकडे एकदा पाहिलं. आई भांडी लावत राहिली.

"हे बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून कामाचं पेन काढलं आणि खाली सही केली. कार्डावर करतात तशीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. मग कागद माझ्यासमोर सरकवला.

"आता खोड."

ते वाट बघत होते. मला तेव्हा दिसलं की बाबांना हरायचं आहे. मी हे खोडून काढावं आणि तरी सगळं आहे तसं राहावं, असं काहीतरी मला वर्गात शिकवलं असेल, अशी त्यांना आशा होती.

खोडणं अवघड नव्हतं, तीच तर पंचाईत होती. भोक मला लिहितानाच दिसलं होतं. दोन कारणं आणि निष्कर्ष यांच्या मधे एक गृहीत होतं : काहीही झालं तरी कार्डावर सही बाबांचीच हवी. तेवढं काढलं की निष्कर्ष कोसळत होता. पण त्याच्या खाली बाबा उभे होते. वर्षभर मी आयुष्यात भेटलेल्या प्रत्येकाला खोडत आले होते, आणि ऐन वेळी मी पेनच उचललं नाही.

"जमत नाही," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं.

बाबांनी कागद परत ओढला. एखाद्या दोराचा कुठला पीळ सुटलाय ते बघावं तसे ते ओळींवरून बोट फिरवत राहिले. एकवर थांबले. दोनवर थांबले. मग तिसऱ्या ओळीवर बोट आपटलं.

"हे वरच्या दोघांवर टेकत नाही."

मी कागदावर वाकले.

"स्वतः तपासल्याशिवाय सही नाही. आवाज मला तपासता येत नाही. यातून तू जाऊ नयेस असं कुठे निघतं?" त्यांनी 'मुलीने जाऊ नये' वर सरळ रेघ मारली. शेजारी सावकाश लिहिलं, 'मी सही करू नये.' "म्हणजे पहिली ओळ मी दोन वर्षं मोडतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "असंच ना?"

मी अंगठा दाखवला.

बाबांनी मान हलवली. "अर्ज आण," म्हणाले.

अर्ज सव्वीस तारखेला गेला. गृहपाठ सत्तावीसला दिला. म्हणजेबाईंनी उलटसुलट करून पाहिला. "सही दिसते. खंडन कुठे आहे?"

"ते प्रतिपक्षानेच केलं, बाई."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं, अंगठ्यापर्यंत. बाईंनी चष्मा काढला, परत लावला, आणि वर्षात पहिल्यांदाच पुढे "म्हणजे?" विचारलं नाही. सहीला दहापैकी दहा दिले. खंडनाला शून्य. ते तुम्ही केलेलं नाही, म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

त्या रविवारी आम्ही नेहमीसारखे चार इमारतींना गेलो. मी आत उभी राहून घंटा दाबली, चौकीदाराने दहापर्यंत आकडे म्हटले, मी अंगठा दाखवला. बाबांनी जिना चढून दोर, ब्रेक, दार या रकान्यांत खुणा केल्या. आवाजाचा रकाना कोरा ठेवला. सहीची जागाही कोरी ठेवली. चारही ठिकाणी. परतताना ते जिन्यात माझ्या पुढे चालत होते आणि त्यांचा वेग नेहमीपेक्षा कमी होता.

सोमवारी दुपारी फोन वाजला. सवयीने मीच घेतला. कंपनीतले साहेब होते. चार कार्डांवर सही नाही, हा काय प्रकार आहे, बाबांना द्या. "नाहीतर तुम्हीच सांगा, नेहमी त्यांच्या वतीने तुम्हीच तर बोलता," असंही पुढे म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात स्वच्छ होते. ते त्यांनी स्वतःही पाहिले आणि फोन घेतला.

"साहेब," बाबा म्हणाले, "मला ऐकू येत नाही. तुम्ही आत्ता काय बोलताय तेही मला कळत नाहीये. मी तिकडे येतो. जे काही असेल ते कागदावर लिहून द्या."

आणि पलीकडचा माणूस बोलत असताना त्यांनी फोन ठेवून दिला. शर्ट बदलला, पेन खिशाला लावलं आणि गेले. आई दुकानातून लवकर आली. आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो. आईने दोनदा उठून चहाला आधण ठेवलं आणि दोनदा बंद केलं.

बाबा पाच वाजता आले. हातात एक कागद होता, साहेबांच्या अक्षरात, तीन ओळींचा. कान तपासून घ्यावेत. तोवर कामाला एक जोडीदार मिळेल, आवाजाचा रकाना तो तपासेल आणि त्यापुढे सही त्याची. यंत्र लावून ऐकू आलं तर पुढचं पुढे ठरवू. खाली साहेबांची सही होती. बाबांच्या सहीची जागा मोकळी होती.

"केली नाहीत?" आईने ओरडून विचारलं.

"अजून नाही," बाबा म्हणाले. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "यात न लिहिलेलं काय आहे ते मला बघून दे. मग करतो."

मी माझी खुर्ची उचलली आणि त्यांना तोंड दिसेल अशी समोर आणून ठेवली.